काकूंची छत्री आणि डिमरकाकांचा निळा

अकरा वर्षं डिमरकाकांनी आपल्या घरातली समुद्राची टाकी फक्त विझलेली पाहिली होती. दुपारी ते निघाल्यावर टायमरवर लागलेला टाकीचा दिवा, नाटकाचा प्रयोग संपवून ते घरी पोचायचे तोवर कधीच बंद झालेला असायचा. हॉलच्या भिंतीला लागून चार फूट काच, आत काळं पाणी, पाण्यात पाच-सहा गोळे. बूट काढता काढता काका म्हणायचे, “झोपले वाटतं तुझे दगड.” आतून काकूंचं उत्तर यायचं, “दगड नाहीत ते. आणि हळू बोला.”

दगड नव्हतेच. ते मऊ प्रवाळ होते. प्रवाळ हा प्राणी आहे. कडक जातीचे प्रवाळ अंगाखाली चुन्याचं घर बांधत जातात. मऊ जातीचे त्या भानगडीत पडत नाहीत, एखाद्या खडकाला धरून मांसल, रबरी अंगाने डुलत राहतात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. म्हणजे उजेड हेच त्यांचं जेवण. दिवा विझला की अंग आवरून बसतात, लागला की उमलतात. काकांना हे माहीत नव्हतं. ते घरात असायचे तेव्हा दिवा नसायचा, आणि दिवा असायचा तेव्हा ते दुसरीकडे दिवे लावत असायचे.

काका नाटकाला दिवे द्यायचे. एकोणिसाव्या वर्षी दिवे वाहायला लागले, शिडीवर चढून ते टांगायला लागले, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग गोळा झाल्यावर त्यांना मागच्या खोलीत डिमरच्या फळीसमोर बसायला मिळालं. फळीवर दांड्यांची रांग. दांडी वर सरकवली की दिवा वाढतो, खाली ओढली की मंदावतो. इतरांची सकाळ दोन सेकंदांत व्हायची, काकांची चार मिनिटांत. प्रेक्षकांना कळायचंच नाही की केव्हा उजाडलं. नट मंडळी त्यांना डिमर म्हणायला लागली, शेजाऱ्यांनी त्याला काका जोडलं, आणि त्यांची बायको ओघानेच काकू झाली.

काकू रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या. सकाळी सातला बाहेर, दुपारी तीनला घरी. काका चारला बाहेर. संसार रोज एक तासाचा, त्यातला अर्धा तास काका झोपलेले. लेक होती तोवर घरात बोलायला कोणीतरी होतं. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली त्या वर्षी काकूंनी टाकी आणली. कोणाला विचारलं नाही, कोणी विचारलंही नाही. मोठा खडक विकत घेतला, मीठ घालून पाणी केलं, महिनाभर त्या पाण्याच्या चाचण्या केल्या आणि मग दोन-चार मासे सोडून अंगठ्याएवढा एक प्रवाळ आणून ठेवला. त्याला जाड देठ होता आणि वर पसरट टोपी. काकूंनी त्याचं नाव ठेवलं छत्री.

काकांच्या कामाला बेचाळीस वर्षं झाली तेव्हा नाट्यगृहात संगणक बसला. काकांनी एक दिवस तो चालवून पाहिला आणि घरी येऊन जाहीर केलं, “एक बटण दाबलं की सगळं नाटक उजळतं. मी काय तिथे टाळ्या वाजवायला बसू?” दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून गेल्यावरही ते कधी नव्हे ते घरात होते. चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आले आणि थांबले. टाकीत एका जेवणाच्या ताटाएवढी मोहरीच्या रंगाची छत्री उघडी होती. तिच्या टोपीवर शेकडो बारीक तुरे बाहेर आलेले, पाण्याच्या लाटेबरोबर सगळे एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे.

“हे असं कधीपासून करतं?”

“अकरा वर्षं,” काकू म्हणाल्या.

काका दुपारभर तिथून हलले नाहीत. मात्र दोनच दिवसांत त्यांचे हात शिवशिवायला लागले. म्हणाले, “अगं, वरून सपाट दिवा मारलायस. खडकाला खोली नाही, छत्रीला कड नाही. समोरून खालच्या अंगाने एक छोटासा दे, बघ कशी उठून दिसते.”

“कोणाला?”

“कोणाला म्हणजे? बघणाऱ्याला.”

“हा दिवा बघणाऱ्यासाठी नाहीये,” काकू म्हणाल्या. “तिच्यासाठी आहे. याला हात लावायचा नाही. घरात बाकी सतरा बटणं आहेत, ती दाबा.”

काकांनी दोन वर्षं शब्द पाळला.

मग लेकीचे दिवस भरत आले आणि काकू दहा आठवड्यांसाठी तिच्याकडे निघाल्या. दोघांनी जायचा प्रश्नच नव्हता. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, तेवढं गोडं पाणी भरलं नाही तर उरलेलं जास्त खारट होतं. काकूंनी दोन पानं सूचना लिहून ठेवल्या. पाणी कुठल्या खुणेपर्यंत, माशांना खाणं किती चिमूट, काचेवरचा हिरवा थर कुठल्या दिवशी खरवडायचा. काकांनी पानं टाकीशेजारी चिकटवली आणि प्रयोगाच्या वेळी मोजायचे तसे सेकंद मोजत खाणं घालायला लागले. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. नात झाली, फोटो आला, काका पेढे आणायचे सोडून शेजाऱ्यांना फोनच दाखवत फिरले.

सोळाव्या दिवशी टाकीवरून जळका वास आला. दिव्यातल्या नळ्यांचा चोक गेला होता.

काकांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. उलट अंगात थोडी चपळाई आली. चोक काढून खिशात घातला आणि समुद्राच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. दुकान एका तरुण बाईचं होतं, काकूंची तिच्याशी जुनी मैत्री. काकांनी विचारलं, “मासेवाली ती तूच ना?”

“मासेवाली म्हणू नका हो काका, लोक किलोने मागतात. दुकानवाली म्हणा.” तिने चोक उलटसुलट केला. “हा आता येत नाही. त्या नळ्याही बनायच्या थांबल्या. एलईडी घ्या.”

एलईडीच्या पट्टीला दोन वायरी होत्या आणि दोन फिरकी बटणं. एक पांढऱ्याचं, एक निळ्याचं, दोन्हीवर शून्य ते शंभर आकडे. दुकानवालीने बजावलं, “हा जुन्यापेक्षा फार तेज आहे. पांढरा वीस, निळा तीस, दोन्ही टायमरवर आठ तास. महिनाभर हात लावू नका. मग हळूहळू वाढवू. काकूंना सांगितलंय ना?”

“हो हो,” काका म्हणाले.

सांगितलं नव्हतं. लेक नुकतीच बाळंत झालेली, काकूंच्या डोक्याला ताप नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. पाणी, मीठ, चाचण्या हा काकूंचा प्रांत, ते त्यांना मान्य होतं. पण उजेडाबद्दल बेचाळीस वर्षं दिवे दिलेल्या माणसाने कोणाला विचारायचं?

पट्टी बसवली, टायमर सकाळी दहाला लावला, पांढरा वीस केला, निळा तीस, आणि चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले. टाकी मलूल दिसत होती, एखाद्या ढगाळ दुपारी पडदे ओढलेल्या खोलीसारखी. जुन्या नळ्यांचा उजेड काकांच्या डोळ्यांत पक्का होता. उजेड त्यांच्या लक्षात राहायचा, माणसांची नावं राहायची नाहीत. पांढऱ्याला त्यांनी हात लावला नाही, कारण पांढरा भाजतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी निळा वाढवला. पन्नास. साठ. पंचाहत्तरवर टाकी जुन्या उजेडाशी जुळली. त्यांनी मान हलवली आणि निळ्याची वायर टायमरमधून काढून वेगळ्या बटणावर घेतली. पांढरा आठ तासांनी विझला तरी निळा झोपायच्या वेळेपर्यंत राहणार होता. पांढरा गेला की निळ्यात मासे चमकायचे, काचेवर लाटांच्या रेषा हलायच्या. काकांनी आयुष्यभर रंगमंचावर निळा लावला की प्रेक्षकांनी समजून घ्यायचं, रात्र झाली. तोच त्यांचा निळा. दिवसभर काम करून छत्री संध्याकाळी चांदण्यात विसावली आहे, असं त्यांना वाटत होतं.

सहाव्या दिवशी छत्री उमलली नाही. दुपार झाली, तुरे आतच. टोपी कातड्याच्या झाकणासारखी गुळगुळीत. काकांनी विचार केला आणि त्यांचा विचार चुकीचा असला तरी बिनबुडाचा नव्हता. अकरा वर्षं त्यांनी छत्री मिटलेली पाहिली होती आणि प्रत्येक वेळी ती अंधारात होती. मिटली आहे म्हणजे तिला उजेड पुरत नाही. त्यांनी निळा नव्वद केला.

पुढच्या पाच दिवसांत मोहरीचा रंग फिका होत होत सोललेल्या बटाट्यावर आला.

त्यातच काकूंचा फोन आला, “उद्या दुपारी बाळ झोपलं की व्हिडिओ करते. टाकी बघायचीय मला.” काकांनी रात्रीतून काही उपाय सुचतो का पाहिलं. सुचला तो त्यांच्याच पठडीतला. कपाटावर जुन्या रंगीत कागदांचं भेंडोळं होतं, दिव्यांसमोर लावायचं. त्यातला पिवळसर तपकिरी कागद कापून त्यांनी टेबललॅम्पला गुंडाळला, लॅम्प टाकीच्या डाव्या अंगाला स्टुलावर ठेवला, आणि बटाट्यावर मोहरीचा रंग चढवला. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. काम चोख झालं होतं.

दुसऱ्या दिवशी फोनमध्ये आधी नात दिसली, तिच्या मुठी दिसल्या, मग काकू दिसल्या. चष्मा नाकावर.

“जरा जवळ घ्या. छत्री का मिटलीय?”

“आत्ताच जेवली.”

“अहो, ती जेवत नाही.”

“म्हणजे, दमली असेल.”

पलीकडून लेकीचा आवाज आला, “बाबा, तुमच्या मागे स्टूल का आहे?” काकूंनी तिला हाताने गप्प केलं.

“काचेवर डाव्या बाजूला एक गोगलगाय आहे. पांढरीशुभ्र असते ती. पिवळी कशी झाली?”

काकांनी फोन थोडा उजवीकडे फिरवला.

“तो दिवा बाजूला करा,” काकू म्हणाल्या.

“कुठला?”

“तुम्ही लावलेला. मी तीस वर्षं काचेवरचे रंग बघून आजार सांगितलेत. मला रंगीत कागद दाखवताय?”

काकांनी लॅम्प विझवला. फोन काचेजवळ नेला. काकूंनी छत्री पाहिली, आणि ओरडल्या नाहीत. काकांना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी चोकपासून नव्वदपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं, शाळेत पकडलेल्या पोरासारखं.

“दुकानवालीला बोलवा,” काकू म्हणाल्या. “मीटर घेऊन ये म्हणावं. ती येईपर्यंत दोन्ही हात खिशात.”

दुकानवाली त्याच संध्याकाळी आली. मीटर म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला नाण्याएवढा पांढरा डोळा, आणि दुसऱ्या टोकाला आकडे दाखवणारी डबी. शेवाळाला उपयोगी पडणारा उजेड किती, तेवढंच ते सांगतं. तिने बाह्या वर केल्या आणि डोळा छत्रीच्या डोक्याशी धरला.

“काकू दरवर्षी मोजायच्या. या जागी सत्तर यायचे.”

“आता?”

“दोनशे साठ.”

“मीटर बिघडलंय तुझं.”

“कालच तपासून घेतलंय काका.”

“अगं पोरी, पांढरा वीसवर आहे. बाकी नुसता निळा. निळ्यात असतं काय? चांदणं!”

दुकानवालीने त्यांच्याकडे पाहिलं. वाद घालायच्या फंदात ती पडली नाही. “पांढरा बंद करा बरं.”

काकांनी बंद केला. हॉल अंधारला, सोफ्याच्या कडा गेल्या, टाकीत रात्र झाली. डबीवर दोनशे पंचवीस.

“आता उलटं करा. निळा बंद, पांढरा चालू.”

खोली लख्ख झाली. माशांचे खवले दिसले, काचेवरची धूळ दिसली, काकांच्या हातावरचे डाग दिसले. डबीवर पस्तीस.

काकांनी स्वतः तीनदा उलटसुलट करून पाहिलं. उजेड झाला की आकडा पडायचा, काळोख झाला की चढायचा. चौथ्या वेळी ते बटण सोडून सोफ्यावर बसले.

“माणसाच्या डोळ्याला निळा कमी दिसतो,” दुकानवाली हात पुसत म्हणाली. “शेवाळाला तोच जास्त चालतो. समुद्रात खाली जावं तसा तांबडा-पिवळा पाण्यातच जिरतो, निळा तेवढा पोचतो. यांची दुपारच निळी असते, काका.”

“म्हणजे मी हिला चौदा-चौदा तास भर दुपारी उभी केली.”

“आणि तुम्हाला वाटलं, झोपवली.”

काकांनी हातावरचे डाग चोळले. मग म्हणाले, “बेचाळीस वर्षांत निळ्यात उभं राहून एकाही नटाचं कातडं सोललं नव्हतं.” दुकानवालीला हसू आवरेना, आणि तिला हसताना पाहून त्यांनाही थोडंसं आलं.

तिने पांढरा दहावर आणला, निळा पंधरावर. मीटरने पन्नासच्या वर थोडं दाखवलं. दोन्ही वायरी टायमरला, आठ तास. “दर दोन आठवड्यांनी मी मोजून जाईन, जमलं तर पाचेक आकडे वाढवू. तोवर करायचं काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. ते जमत नाही म्हणूनच निम्म्या लोकांचे प्रवाळ मरतात. आज वाढव, उद्या उतरव, परवा दुसऱ्या खडकावर ठेव. त्यांना रोजच्या बदलाचीच जास्त बाधा होते.”

काकांनी दोन्ही बटणांवर चिकटपट्टी लावली. एवढ्याने भागेना म्हणून तिच्यावर तारीख घातली. आयुष्यभर ज्या माणसाचे हात एका प्रयोगात दोनशे वेळा वरखाली झाले होते, तो रोज दुपारी टाकीसमोर खुर्ची टाकून हात मांड्यांखाली दाबून बसायला लागला.

काकूंनी रोजच्या फोनचा रिवाज बदलला. “मला टाकी दाखवू नका. दिसली की इथून हात घालावासा वाटतो. एकच सांगत जा, वास येतो का.”

कारण छत्रीवर आता मेणासारखा पातळ पापुद्रा चढला होता. मऊ प्रवाळांची ती जात अधूनमधून अशी कात टाकते, आठवडाभर मिटून बसते आणि खालून ताज्या अंगाने उघडते. मरतानाही आधी अशीच दिसते. काकांनी दुकानवालीला फोन करून विचारलं, यात फरक कसा ओळखायचा. ती म्हणाली, नाकाने, सडायला लागलं की वास येतो. त्यामुळे रोज सकाळी दात घासायच्या आधी काका टाकीचं झाकण उघडून आत डोकं घालायचे. मग फोन.

“वास?”

“नाही.”

“बरं. नात आज शिंकली दोनदा.”

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी काकांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. खात्री करायला पुन्हा उघडलं. टोपीची एक कड, दिव्याच्या अगदी खाली आलेली, तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती. यावेळी रंगीत कागदाचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांनी काकूंच्या फोनची वाट न पाहता स्वतःच लावला.

“आला.”

“किती भाग?”

“पानाएवढा. एक कड.”

“कापावी लागेल,” काकू म्हणाल्या. “आजच. नाहीतर सगळ्या टोपीत पसरेल.”

“दुकानवालीला बोलावतो.”

“ती माल आणायला बाहेरगावी गेलीय, परवा येईल. परवापर्यंत थांबता येणार नाही. तुम्ही कापा.”

“मी?”

“माझे हात इथे आहेत. तुमचे तिथे आहेत.”

फोन साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला. काकूंच्या सांगण्यावरून काकांनी टाकीचंच पाणी एका टबात काढलं, नवं ब्लेड पुसून घेतलं, हातमोजे घातले. मग टाकीत कोपरापर्यंत हात घालून छत्री तिच्या खडकासकट उचलली. तेरा वर्षांत ती पहिल्यांदा पाण्याबाहेर आली. ताटाएवढी टोपी हातात ओल्या टॉवेलसारखी लोंबली. पंचवीस फूट उंच शिडीवर पेटते दिवे धरलेल्या काकांनी ब्लेड उचललं आणि परत खाली ठेवलं.

“अहो, घाबरताय काय एवढे? तिला मेंदू नसतो.”

“मला आहे ना!”

“मग तो वापरा. सडलेल्याच्या कडेने नका कापू. बोटभर चांगल्या भागात शिरा. घाण आत राहिली तर उपयोग नाही.”

“चांगलं कापायचं?”

“चांगलं कापायचं.”

काकांनी श्वास धरला आणि ब्लेड ओढलं. मांस वाटलं होतं त्यापेक्षा घट्ट होतं, खोडरबरासारखं, आणि आत बारीक कचकचणारं काहीतरी. एक ओढ पुरली नाही. तीन लागल्या. कलिंगडाच्या फोडीएवढा तुकडा टबात पडला आणि छत्री एका बाजूने चपटी झाली.

“झालं,” काका म्हणाले. त्यांच्या चष्म्यावर पाण्याचे थेंब होते.

“धुवा आणि परत ठेवा, होती त्याच जागी. आणि थांबा, त्या फोडीला चांगल्या मांसाची कड लागलीय ना? ती टाकू नका. अंगठ्याएवढी कापून घ्या, छोट्या दगडावर ठेवा, वरून रबरबँड लावा. घट्ट नको. धरली तर धरली.”

त्या दिवसापासून पुन्हा तेच. डोकं आत, फोन, वास नाही. दुकानवाली ठरल्याप्रमाणे यायची, मोजायची, बटण केसाएवढं फिरवायची, चिकटपट्टी परत लावायची. पहिल्या आठवड्यात कापलेली कड आकसून गोल झाली. दुसऱ्यात पापुद्रा फाटून पाण्याबरोबर वाहून गेला आणि खालचं अंग फिकट पण स्वच्छ निघालं. तिसऱ्यात रंग परतायला लागला, इतका सावकाश, की काकांना कळायचंच नाही आज कालपेक्षा गडद आहे की आपल्याला तसं वाटतंय. बेचाळीस वर्षं त्यांनी लोकांना जो अनुभव दिला होता तो आता त्यांच्या वाट्याला आला होता. पण छत्री मिटलेलीच होती. काकू परत यायला आठवडा उरला, चार दिवस उरले.

काकू आल्या त्या दुपारी अडीच वाजता. काकांनी त्यांची बॅग घेतली. काकूंनी चपला दारात काढल्या आणि पाणीसुद्धा न पिता सरळ टाकीपाशी गेल्या. काका बॅग हातात धरून मागे उभे राहिले.

छत्री उघडी होती. पूर्वीएवढी मोठी नव्हती, एक बाजू दाताने चावल्यासारखी आत गेलेली, रंग मोहरीपेक्षा फिका. पण उरलेल्या टोपीभर तुरे बाहेर होते आणि लाटेबरोबर डावी-उजवी करत होते. काकू वाकून, मग गुडघ्यावर बसून बघत राहिल्या.

“बोटभर म्हटलं होतं मी. तुमचं बोट केवढं आहे?”

“तूच म्हणालीस चांगल्यात शीर म्हणून.”

“किती ठेवलाय उजेड?”

“पासष्ट. मीटरने. डोळ्याने नाही.”

“कधी उघडली?”

“आज तिसरा दिवस.”

काकूंनी मान वळवली. “तीन दिवस? आणि मला फोनवर सांगितलं नाहीत? मी तिकडे जीव मुठीत धरून बसलेय!”

“वास विचारलास, वास सांगितला,” काका म्हणाले. मग बॅग खाली ठेवून, जरा हळू आवाजात, “दाखवली असती तर तू आधी स्टूल शोधलं असतंस.”

काकू हसल्या. हसता हसता चष्मा काढून पुसला, परत घातला. “आणि तो तुकडा?”

काकांनी खालच्या खडकामागची जागा दाखवली. अंगठ्याएवढा प्रवाळ दगडाला स्वतःहून धरून होता. रबरबँड गळून वाळूत पडलं होतं. टोपी शर्टाच्या बटणाएवढी, तिच्यावर मोजून अकरा तुरे. काकांनी मोजले होते.

काकूंनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “हा कोणाला देऊ नका. लेकीकडे न्यायचाय. छोटी टाकी घेईल ती. पोर दिवसभर नुसती दिव्याकडे बघत पडलेली असते, तिला बघायला काहीतरी होईल.”

“नेईल कोण?”

“तुम्ही. अजून हातात घेतलेलं नाही तुम्ही पोरीला. आता इथे मी आहे.”

काका हॉलच्या मधोमध उभे होते. त्यांनी एकदा त्या अंगठ्याएवढ्या प्रवाळाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. “अगं,” त्यांनी विचारलं, “तिच्या हॉलमध्ये ऊन कुठल्या बाजूने येतं?”

“मला काय विचारता,” आतून आवाज आला. “जाऊन बघा. आणि मीटर घेऊन जा.”